आखाजीला तगेल तोच जीव : खान्देशात समुद्राची टाकी सुरू करताना

घरात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवणार म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या आजोबांनी दारात उभं राहून विचारलं होतं, "भाऊ, आठे समुद्र कोठे शे?" प्रश्न रास्त होता. भुसावळच्या पुलाखालून जाणारी तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, तेवढंच आपलं समुद्राशी नातं. पण खारं पाणी घरी बनवता येतं आणि त्यात मासे, कोळंबी, गोगलगायी, मऊ प्रवाळ वर्षानुवर्षं नांदतात. आपल्याकडे खरी अडचण मिठाची नसतेच. उन्हाळा, जाणारी वीज आणि बोअरचं जड पाणी या तीन गोष्टी जीव घेतात.

नवखा माणूस बहुतेक वेळा उलटं करतो. मुंबईला जातो, दुकानात केशरी-पांढरा मासा पाहतो, घेऊन येतो आणि मग टाकी शोधतो. माझं सांगणं एवढंच, की जीव निवडताना दुकानातला गारवा विसरा आणि आपल्या घरातला मे-जून डोळ्यांसमोर आणा. त्या दोन महिन्यांत जे सांभाळता येईल तेच घ्या. म्हणून हा लेख मी आपल्या सणांच्या क्रमानं लिहितोय. कानबाईला, म्हणजे श्रावणातल्या आपल्या खान्देशी सणाला, टाकी भरायची, दिवाळीला मासे, संक्रांतीनंतर प्रवाळ, आणि होळीनंतर नवा जीव आणायचा नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येईपर्यंत टाकी मुरलेली हवी.

जागा आणि टाकी

पहिली टाकी लहान घेऊ नका. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं आणि लवकर बिघडतं. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण 190 लिटर पाणी मावतं. सुरुवातीला हे माप उत्तम. दगड, वाळू, काच धरून वजन अडीचशे किलोच्या पुढे जातं, तेव्हा स्टँड लोखंडी आणि खाली फरशी सपाट हवी.

जुनं धाब्याचं घर असेल तर तुम्ही नशीबवान. जाड भिंतींची आतली खोली दुपारीही बरीच गार राहते. स्लॅबच्या घरात तळमजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न लागणारी खोली निवडा. वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली टाकी ठेवली तर रात्री दोन वाजताही पाणी गार होत नाही.

टाकीसोबत लागतं ते असं: पाणी फिरवायला दोन वेव्हमेकर, पाण्यातली घाण फेसातून काढणारा प्रोटीन स्किमर, एलईडी दिवा, 200 वॅटचा हीटर, थर्मामीटर आणि खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर. तरंगता हायड्रोमीटर स्वस्त असतो, पण त्यावर विसंबू नका. रिफ्रॅक्टोमीटरही 35 खारटपणाच्या (हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार) तयार द्रावणावर जुळवून घ्यावा लागतो.

हीटरचं नाव वाचून हसू येईल. पण धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा सहा-सात अंशांवर उतरतो आणि तेव्हा बंद खोलीतलं पाणीही पाहता पाहता गार पडतं. हीटर 25 अंशांवर लावून ठेवायचा, म्हणजे तो फक्त थंडीतच चालेल.

पाणी

इथे कंजुषी केलीत तर पुढचं सगळं वाया जाईल. बोअरचं किंवा नळाचं पाणी थेट वापरायचं नाही. त्यातला क्लोरीन, नायट्रेट, फॉस्फेट आणि धातू टाकीत साचत जातात. आरओ आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय काडतूस असलेलं यंत्र लागतं; त्यातून निघालेल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्य यायला हवा. स्वयंपाकघरातला आरओ इथे चालत नाही, कारण चवीसाठी त्यात क्षार परत मिसळलेले असतात. आपल्या जड पाण्यानं मेम्ब्रेन लवकर चोंदतं, म्हणून टीडीएस मीटर जवळ ठेवा आणि दर आठवड्याला पाहा.

पाणी साठवायला फक्त प्लास्टिकची बादली किंवा पिंप, तेही खाण्याच्या वस्तूंसाठीचं. आजीचा तांब्याचा हंडा, पितळी घागर अजिबात नको. तांबं माशाला थोडंफार सोसतं. कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ त्यानं मरतात. रावेर-यावलच्या केळीवाल्या मित्रांना हे मी आवर्जून सांगतो. मोरचूद किंवा तांबेयुक्त बुरशीनाशक फवारून आलात की साबणानं अंघोळ झाल्याशिवाय टाकीत हात घालू नका, आणि फवारणीची बादली टाकीजवळही आणू नका. कपाशीवरच्या कीटकनाशकांचं तेच, आणि घरातल्या डासांच्या स्प्रेचंही तेच. कोळंबी ही शेवटी किड्यांचीच नातेवाईक आहे; किडे मारणारं औषध तिलाही मारतं.

सागरी मीठ दुकानात पिशवीत किंवा बादलीत मिळतं. खाण्याचं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर बरंच काही असतं. लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम मीठ लागतं. नेमकं प्रमाण पाकिटावर दिलेलं असतं. पाणी वेगळ्या पिंपात, पंप फिरवत, एक दिवस मिसळू द्या. खारटपणा 35, म्हणजे 25 अंशांना विशिष्ट गुरुत्व 1.026 च्या आसपास, आला की वापरा.

कानबाई ते नवरात्र : रिकामी टाकी

श्रावणात टाकी भरा. वाळू अॅरागोनाइटची, दुकानातली. तापी-गिरणेची वाळू चाळून वापरायचा मोह टाळा. दगडही कृत्रिम, सच्छिद्र, खास टाकीसाठी बनवलेले घ्या. कुणी समुद्रातला "लाइव्ह रॉक" देऊ केला तर नको म्हणा. तो बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो आणि आपल्या कायद्यात मेलेलं प्रवाळ बाळगणंही गुन्हा आहे.

आता चार ते सहा आठवडे टाकीत एकही मासा नाही. हा काळ सगळ्यांना जड जातो, मलाही गेला होता. पण आत काम चाललेलं असतं. सोललेल्या कोळंबीचा एक तुकडा टाका; तो कुजून अमोनिया तयार होतो. दगडांवर वाढणारे एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट थोडं असलं तर चालतं. टेस्ट किटनं मोजत राहा. आधी अमोनिया चढेल, मग नायट्राइट, आणि शेवटी दोन्ही शून्यावर येतील. दोन्ही शून्य आल्यावरही आठवडाभर थांबून पुन्हा मोजा. "एखादा स्वस्त डॅम्सेल मासा टाका, त्यानं टाकी तयार होते" असा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. एक तर त्या जिवाचे हाल होतात, आणि तो जगला तर पुढे येणाऱ्या प्रत्येक माशाला मारतो.

मध्येच काचेवर तपकिरी थर येईल, नंतर हिरवा. घाबरू नका, हे होतंच. तेव्हा पहिले रहिवासी आणायचे ते म्हणजे गोगलगायी. ट्रोकस जातीची उत्तम, कारण ती उलटी पडली तर स्वतः सरळ होते. टर्बोला बऱ्याचदा हातानं उचलावं लागतं. चार-पाच पुरेत.

उन्हाळ्याची तयारी थंडीतच

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण माझी पहिली टाकी इथेच गेली.

टाकीचं पाणी 24 ते 27 अंशांत ठेवायचं असतं. 29 पर्यंत थोडे दिवस निभावतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेर 45 असतात. तरीही मेमध्ये एक साधा उपाय कामी येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आडवा वारा मारणारे छोटे पंखे. हा माठाचाच न्याय. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. हवा 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर वाफेच्या जोरावर पाणी उतरू शकतं ती खालची सीमा 23 अंशांच्या जवळ असते. टाकी तिथपर्यंत पोचत नाही, पण खोलीपेक्षा बरीच गार राहते.

आणि जून येतो. पहिला पाऊस पडतो, आपण म्हणतो सुटलो. पण माठातलं पाणी आषाढात कोमट लागतं ना? हवा 34 अंश आणि आर्द्रता 70 टक्के झाली की तीच सीमा 29 च्या वर जाते. पंखे कितीही फिरवा, पाणी त्याखाली जात नाही. मी पहिल्या वर्षी मे महिना पंख्यांवर नीट काढला आणि निर्धास्त झालो. जूनच्या मध्यात एका रात्री वीज गेली, सकाळी थर्मामीटर 31 च्या वर होता. दोन मासे आणि लेदर नावाचं एक मऊ प्रवाळ गेलं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. वेव्हमेकर थांबल्यावर त्यांना श्वासच मिळाला नाही. त्या दिवसापासून मी मेपेक्षा जूनला जास्त भितो.

म्हणून शक्य असेल तर चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्या, पाकिटावर लिहिलेल्या क्षमतेपेक्षा एक माप मोठा. तो पाण्यातली उष्णता खोलीत सोडतो, त्यामुळे स्टँडच्या बंद कपाटात कोंबू नका. खिडकीजवळ मोकळा ठेवा. चिलर परवडत नसेल, तर दुपारी आणि रात्री एसी चालणाऱ्या खोलीतच टाकी ठेवा. दोन्ही जमत नसेल तर प्रवाळ ठेवू नका, हे मी मनापासून सांगतो. वाळ्याचा कूलर खोली गार करतो हे खरं, पण हवा दमट करून टाकीवरच्या पंख्याची ताकद घटवतो.

पंखे चालू असले की पाणी आटतं. माझ्या टाकीतून मेमध्ये रोज पाच-सहा लिटर उडतं. मीठ मात्र मागेच राहतं, त्यामुळे एका दिवसात खारटपणा 35 चा 36 होतो. ही भर नेहमी गोड्या, शून्य टीडीएसच्या पाण्यानं करायची, खाऱ्या नाही. दोन दिवस गावाला गेलात आणि कुणी भर घातली नाही तर कोळंबी सगळ्यात आधी जाते. पाण्याची पातळी पाहून आपोआप भर घालणारं यंत्र मिळतं. उन्हाळ्यात लग्नाला वगैरे जाणाऱ्या माणसानं ते घ्यावंच.

कोणता जीव घ्यायचा

क्लाऊनफिशपासून सुरुवात करा. काटक, लहान, कमी जागेत रमणारा, आणि टाकीत जन्मलेला मिळतो. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याच्या प्रजननाचं तंत्र विकसित केलेलं आहे. दुकानदाराला स्पष्ट विचारा, हा टाकीतला की समुद्रातून धरलेला? टाकीतलाच घ्या. तो दाणे खायला शिकलेला असतो. दोन घ्या, एक मोठा आणि एक लहान. सगळे क्लाऊनफिश आधी नर असतात आणि जोडीतला मोठा मादी होतो, त्यामुळे जोडी आपोआप जमते. नीट ठेवले तर दहा-पंधरा वर्षं जगतात. शाळेत जाणारं पोर कॉलेजात जाईपर्यंतची ही जबाबदारी आहे, हे घेतानाच घरात बोलून ठेवा. त्यांना समुद्रफूल, म्हणजे अॅनिमोन, लागतंच असं नाही. उलट पहिल्या वर्षी अॅनिमोन आणूच नका. तो टाकीभर फिरतो, पंपात अडकतो आणि मेला तर सगळं पाणी नासवतो.

त्यांच्यासोबत पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी ठेवून पाहा. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती वाळूत बीळ खणते आणि गोबी दारात राखण बसतो. कोळंबीची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला लागलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट हलवतो आणि दोघं आत. मी कितीतरी संध्याकाळी खुर्ची ओढून हेच पाहत बसतो.

फायरफिश देखणा आणि शांत असतो, पण उडी मारतो. उन्हाळ्यात वाफेसाठी आपण काचेचं झाकण काढतो, तेव्हा लाकडी किंवा प्लास्टिकच्या चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून टाकीवर ठेवा. वाराही लागतो, मासाही आत राहतो. बँगाई कार्डिनल हाही चांगला. 190 लिटरमध्ये एकूण चार-पाच लहान मासे, त्याहून जास्त नाही.

क्लीनर कोळंबी पहिल्या दोन महिन्यांनंतर आणा. ती माशांच्या अंगावरचं साफ करते आणि हातावरही येऊन बसते. ती कात टाकते तेव्हा रिकामं कवच पाहून मेली असं समजू नका.

आता काय घ्यायचं नाही. निळा टँग सगळ्या मुलांना हवा असतो. तो वाढून फूटभराच्या आसपास होतो आणि त्याला पोहायला लांबच लांब जागा लागते. मँडरिन मासा अतिशय सुंदर, पण तो दगडांतले बारीक जिवंत जंतू वेचून जगतो आणि नव्या टाकीत हळूहळू उपाशी मरतो. बरेच बटरफ्लाय मासे प्रवाळच खातात. समुद्रघोडा, समुद्रकाकडी आणि मोठे ट्रायडॅक्ना शिंपले तर बाळगूच नका, ते वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात.

प्रवाळ आणि कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच यांनाही. दुकानात "इम्पोर्टेड आहे, काही होत नाही" असं सांगतात. आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी जिवंत प्राणी ठेवायचे तर 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते आणि आयातीचे कागद लागतात. नवख्यानं कठीण प्रवाळाच्या वाटेला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळ, लक्षद्वीपला हे प्रवाळ आहेत. 2024 साली जगभर प्रवाळ पांढरं पडलं त्यात लक्षद्वीपचंही पडलं. तिथून आणखी एक फांदी आपल्या दिवाणखान्यासाठी तुटू नये.

मग उरतात ते मशरूम, झोअँथिड आणि लेदर यांसारखे मऊ प्रकार. त्यांच्यासाठीही बिल आणि कुठून आले ते मागून घ्या. सगळ्यात सोपं मशरूम: मंद उजेड, मंद प्रवाह, थोडंफार चुकलेलं पाणीही सोसतं. या जिवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडावर त्यांना अन्न करून देतं. पाणी फार तापलं की ते शैवाल बाहेर टाकलं जातं, प्रवाळ फिकट पडतं आणि उपासमार सुरू होते. म्हणूनच संक्रांतीनंतर आणायचे, म्हणजे उन्हाळ्याआधी दोन-तीन महिने रुळायला मिळतात.

झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. त्यांचा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्यानं धुऊ नका. त्या वाफेनं घरातली माणसं दवाखान्यात जाऊ शकतात.

दुकानातून घरापर्यंत

दुकानात मासा खाताना दाखवा म्हणावं. जो खात नाही तो घ्यायचा नाही, कितीही सुंदर असो. पोट खपाटीला गेलेलं, कल्ले भराभर हलणारे, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके, एका कोपऱ्यात वर तोंड करून उभा, यातलं काहीही दिसलं तर परत फिरा. दुकानात येऊन आठवडा झालेला मासा कालच आलेल्या माशापेक्षा बरा.

मुंबईहून येताना रात्रीची गाडी धरा. पिशव्या प्राणवायू भरून, थर्माकोलच्या खोक्यात, अंधारात. घरी आल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा म्हणजे तापमान जुळतं. पुढची गोष्ट लक्षात ठेवा. सात-आठ तास बंद पिशवीत माशाच्या श्वासानं पाणी आम्लाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे त्यातला अमोनिया कमी घातक रूपात असतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या पिशवीत तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. दुकानाचा खारटपणा आधीच विचारून ठेवा, घरच्या वेगळ्या टाकीचं पाणी तेवढंच करा आणि मासा जाळीनं उचलून चटकन सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत.

वेगळी टाकी म्हणजे चाळीस-पन्नास लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. प्रत्येक नवा मासा तिथे महिनाभर राहील. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मोठ्या टाकीत शिरला तर सगळे मासे काढून ती 76 दिवस रिकामी ठेवण्याची पद्धत आहे. त्यापेक्षा एक महिना थांबणं सोपं. तांब्याचं औषध लागलंच तर या वेगळ्या टाकीतच, तांबं मोजणाऱ्या किटसह. मोठ्या टाकीत कधीही नाही.

रोजचं आणि आठवड्याचं

सकाळी तापमान पाहा, मासे मोजा, भर घाला. दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं: बारीक दाणे, गोठवलेला मायसिस किंवा आर्टेमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव). गोठवलेलं खाणं एकदा वितळलं की परत फ्रीझरमध्ये ठेवू नका. दिवा आठ तास.

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. मऊ प्रवाळांना एवढं पुरतं. कॅल्शियम वगैरेच्या बाटल्या घेऊ नका. अल्कलिनिटी (पाण्याची पीएच स्थिर ठेवायची ताकद) 8 ते 9 डीकेएच आणि नायट्रेट 10 पीपीएमच्या आत राहिलं की पुष्कळ.

वीज गेली तर

इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर आणि एक एअर पंप लावा. दोन्ही मिळून पंधरा-वीस वॅट, त्यामुळे 150 एएचची बॅटरी रात्रभर सहज पुरते. चिलर आणि दिवा त्यावर नको. घरात इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा एअर पंप तरी आणून ठेवा, आणि सेल त्याच्याच शेजारी.

फ्रीझरमध्ये आरओ पाणी भरून बूच घट्ट लावलेल्या चार बाटल्या एप्रिलपासून तयार असू द्या. पाणी 29 च्या वर गेलं की एक बाटली बाहेरून धुऊन टाकीत तरंगवा. मोकळा बर्फ टाकू नका, खारटपणा उतरतो. एका तासात एक अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका. उतरलं तर बाटली काढून घ्या. वीज येईपर्यंत खायला घालू नका, आणि आल्यावरही त्या दिवशी निम्मंच घाला. बाटल्या परत फ्रीझरमध्ये ठेवायला विसरू नका, कारण जूनमध्ये वीज एकाच रात्री दोनदा जाते.